देव देतो दोन

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. ही म्हण रचणारा नक्की नेत्रविभागातला रेसिडेन्ट असणार आणि त्याच्या थिसिसची मुदत महिन्यावर आलेली असणार. तुमचंही तसंच ना, डॉक्टर? मग घाबरता कशाला? सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे थिसिसच्या आराखड्यात, शंभर रुग्ण कबूल केले होते, मिळाले साठ. साठ दुणे एकशे वीस डोळे. शंभर भरून वर वीस शिल्लक!

कुणीतरी कुरकुरेल की एका माणसाचे दोन डोळे म्हणजे दोन माणसं नव्हेत. आईबाप तेच, मधुमेह तोच, थेंब टाकायचा विसराळूपणाही तोच. डाव्या डोळ्यातला दाब चढला की उजव्याचाही बहुधा चढलेलाच. दोन्ही डोळ्यांतला सहसंबंध (एकाच्या चढउताराशी दुसऱ्याचा मेळ; पूर्ण मेळ म्हणजे १) ०.८ असेल, तर सरासरी काढताना तुमचे १२० डोळे जेमतेम ६७ स्वतंत्र डोळ्यांइतकी माहिती देतात. पण सॉफ्टवेअरला त्याचं काय? त्याला एक्सेलच्या १२० ओळी दिसतात. ओळींना नाक नसतं, त्यामुळे कुठला डोळा नाकाच्या कुठल्या बाजूचा आणि नाक कुणाचं, हा प्रश्नच येत नाही. प्रत्येकाचा एकच डोळा घेणं किंवा जोडी ध्यानात ठेवणारं मॉडेल वापरणं, असले उद्योग करू नका. पी व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, ०.०५ च्या खाली असली तरच निकाल मिरवता येतो. ती ०.०३ वरून ०.१० वर जाते, मग गाईडना तोंड कसं दाखवाल? (एका डोळ्यात औषध आणि दुसऱ्यात नाही, असा प्रयोग असता तर हीच जोडी कामाला आली असती. पण तो विचार आधी करावा लागतो.)

आता दृष्टी. एक डोळा ६/६, दुसरा ६/६० (निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसतं ते याला सहा मीटरवरून). दशांश करून सरासरी काढलीत तर येते साधारण ६/११. लॉगमारमध्ये, म्हणजे दृष्टीच्या लॉगरिदमच्या मोजपट्टीत, काढलीत तर साधारण ६/१९. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत पहिली सरासरी धडधाकट, दुसरी मध्यम दृष्टिदोषाची. शस्त्रक्रियेनंतरच्या तक्त्यात कुठली पद्धत वापरायची, हे मी सांगायला हवं का?

दाब मोजायची दोन यंत्रं ताडून पाहायची असतील तर सहसंबंध काढा आणि गप्प बसा. एक यंत्र दरवेळी पाच अंक जास्त दाखवत असलं तरी सहसंबंध शंभर टक्के येतो. सहसंबंध म्हणजे जुळणी नव्हे, असं ब्लंड आणि ऑल्टमन हे संख्याशास्त्रज्ञ १९८६ मध्येच ओरडून सांगून गेले, ओरडू द्या.

एवढं करूनही पी व्हॅल्यू ऐकत नसेल तर वय, लिंग, चष्म्याचा नंबर, बुबुळाचा रंग, जे हाती लागेल त्याची चाचणी लावा. कशाचाच कशाशी संबंध नसला, तरी वीस स्वतंत्र चाचण्यांत एखादी ०.०५ च्या खाली घसरण्याची शक्यता ६४ टक्के आहे. घसरेल तीच तुमची मूळ जिज्ञासा होती, असं प्रस्तावनेत लिहून टाका.

शिबिरातले जे रुग्ण तपासणीला परत आलेच नाहीत, त्यांच्याकडे कानाडोळा करा. बरे झाले असतील. दिसत नसल्यामुळे एसटी चुकली असेल, अशी शंका मनात आणू नका.

आणि संख्याशास्त्रज्ञाकडे सुरुवातीलाच जाऊ नका, तो नाही नाही ते विचारतो. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात पेनड्राइव्ह आणि पेढे घेऊन जा.

व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, विचारतील, "रुग्ण किती?" न चाचरता सांगा, "सर, एकशे वीस डोळे." ते समाधानाने मान डोलावतील. त्यांच्या थिसिसमध्ये दोनशे होते.