'मेनू अगदीच साधा केलाय' या तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

ताई, नमस्कार. तुमच्या पैठणीच्या दुकानासाठी आम्ही केलेल्या वेबसाइटच्या मेनूला दोन स्टार देऊन तुम्ही तीन तक्रारी मांडल्यात: थीमच्या, म्हणजे साइटच्या तयार साच्याच्या, डेमोत होता तसा ऐटदार मेनू आम्ही दिला नाही, लॅपटॉपवर मेनू झाकून ठेवणारं तीन रेघांचं चिन्ह मागितलंत तर ते ठेवलं नाही, आणि तुम्ही थीम बदलल्यावर मेनूच गायब झाला. पैसे तुम्ही मोजलेत, तेव्हा जाब विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. उत्तर इथेच सविस्तर देतो. मराठीत साइट करू पाहणाऱ्या बऱ्याच दुकानदारांना हेच प्रश्न पडतात.

तो डेमो इंग्रजीतला होता. बारीक कॅपिटल अक्षरं, एकमेकांपासून लांब, फिकट करड्या रंगात. ती सगळी ऐट लेटर-स्पेसिंगची, म्हणजे अक्षरांमधल्या मोकळ्या जागेची असते. तेच सेटिंग देवनागरीला लावलं की शिरोरेषा तुटते आणि 'पैठणी'चे तीन सुटे तुकडे दिसतात. अक्षरं कॅपिटल करणाऱ्या सेटिंगचा तर आपल्या लिपीवर काही परिणामच होत नाही. म्हणून स्पेसिंग शून्यावर आणलं, मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' फॉन्ट घेतला आणि ओळीची उंची वाढवली. नाहीतर 'खरेदी'ची वेलांटी वरून आणि 'भेटवस्तू'चा ऊकार खालून कापला जात होता. रंगाचंही तसंच. साइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून ठरवलेल्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या आकाराच्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, लागतो, आणि डेमोतला करडा त्यात बसत नव्हता. तुमच्या गिऱ्हाइकांत चष्मा लावून साडी निवडणाऱ्या कितीतरी जणी आहेत, त्यांना तो वाचताच आला नसता.

तीन रेघांचं चिन्ह १९८१ च्या झेरॉक्स स्टार संगणकासाठी नॉर्म कॉक्स यांनी काढलं. मोबाइलवर जागाच नसते, तिथे ते आम्ही ठेवलंय, शेजारी 'मेनू' असं लिहून. पण लॅपटॉपच्या पडद्यावर तुमचे पाचही विभाग आरामात मावतात. मग ते झाकायचे कशाला? साइट वापरायला किती सोप्या आहेत याचा अभ्यास करणाऱ्या नीलसन नॉर्मन ग्रुपने २०१६ मध्ये झाकलेल्या आणि उघड्या मेनूंची तुलना केली, तेव्हा झाकलेला मेनू लोक कमी वापरतात असंच दिसलं. तुमच्या धंद्यात तर हे जास्तच खरं. येवल्याची हातमागाची पैठणी आणि सेमी पैठणी यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि साडी घेणारी बाई आधी तेच विचारते. म्हणून हे दोन विभाग सगळ्यात पुढे, डोळ्यांसमोर ठेवले. मोर, मुनिया, नारळी काठ ही निवड आतल्या पानावर फिल्टरमध्ये दिली. उपमेनू माउस नुसता वर नेऊन न उघडता क्लिकने उघडतो, तेही मुद्दाम: मोबाइलवर बोट अधांतरी धरून काहीच उघडत नाही.

आता गायब झालेल्या मेनूबद्दल. तो पुसला गेलेला नाही. तुमची साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसमध्ये मेनू डेटाबेसमध्ये असतो. थीम फक्त तो दाखवायच्या जागा ठरवते. थीम बदलली की त्या जागाही बदलतात आणि मेनू नव्याने जोडावा लागतो. त्यातून तुम्ही टाकलेली नवी थीम ब्लॉक पद्धतीची आहे, म्हणजे तिच्यात मेनूसकट सगळं पान ब्लॉक नावाच्या तुकड्यांतून जुळवतात. ही पद्धत जानेवारी २०२२ मध्ये, वर्डप्रेस ५.९ पासून, मूळ वर्डप्रेसमध्ये आली. अशा थीममध्ये अपिअरन्सखाली जुना 'मेनूज' पर्याय दिसत नाही. एडिटर उघडून नेव्हिगेशन ब्लॉक निवडलात की तिथे तुमचा जुना मेनू आयात करता येतो.

जुनी थीम पुन्हा चालू केलीत तर मेनू होता तसा दिसेल. नवीच ठेवायची असेल तर तिच्यात मेनू आम्ही जोडून देतो, त्याचे वेगळे पैसे घेणार नाही. साधेपणा खटकत असेल तर उघडलेल्या विभागाच्या नावाखाली तुमच्या पैठणीच्या काठाच्या रंगाची जाड रेघ देता येईल. तुमच्या आवडत्या काठाचा दिवसाच्या उजेडात काढलेला एक फोटो पाठवा, रंग त्यावरून घेतो.