उजव्या कडेचं कोपर

आमच्या मित्राचं नाव मी इथे देणार नाही. तो हे वाचणार आहे, आणि स्वतःचं नाव छापून आलेलं बघून त्याला जो आनंद होईल तो त्याला मिळू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

परवा सोमवारी आम्ही दोघं मुंबई बघायला गेलो. सोमवार त्यानेच ठरवला. "रविवारी मरणाची गर्दी असते रे." आता रविवारी गर्दी का असते आणि सोमवारी का नसते, याचा विचार मी घरातून निघण्याआधी करायला हवा होता. तो मी केला गेटवेच्या तिकीट-खिडकीसमोर, आतल्या माणसाने मान वर न करता "एलेफंटा बंद" म्हटलं तेव्हा.

"बेट बंद?" मित्र म्हणाला. "बेट कसं बंद असेल?"

"बेट चालू आहे. लेणी बंद. दर सोमवारी असतात."

मित्राने वळून माझ्याकडे असं बघितलं की जणू सोमवार मीच घेऊन आलो होतो.

तसा दिवसाचा नूर मला सीएसएमटीलाच कळायला हवा होता. "पाच मिनिटं चालायचं" म्हणून त्याने टॅक्सी करू दिली नाही आणि अर्धा तास उन्हातून चालवलं. त्याची बॅग माझ्या खांद्यावर, कारण त्याला फोनमध्ये रस्ता बघायचा होता. काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी थांबून त्याने मला इतिहासही सांगितला. घोड्यावर स्वार का नाही? तर "लढाईत पडला." वास्तविक मूळच्या घोड्यावर सातवा एडवर्ड बसलेला होता. 1965 साली त्याला घोड्यासकट तिथून उचलून भायखळ्याला राणीच्या बागेकडे नेलं. आत्ताचा घोडा 2017 सालचा, घडवलाच बिनस्वाराचा. हे मी सांगितलं तर म्हणाला, "तेच म्हणतोय मी. खाली उतरवला."

असो. लेणी बंद म्हटल्यावर हार्बरची फेरी घेतली. लाँच निघाल्यावर वरच्या मजल्यावर बसायचे वेगळे पैसे मागितले, ते दिले. अर्धा तास गोल फिरून जिथून चढलो तिथेच उतरलो. एवढंच.

खरा प्रकार पुढे झाला. निदान गेटवेसमोर दोघांचा फोटो काढू, असं ठरलं. फोटोवाले आल्याबरोबर मागे लागलेच होते. हातात अल्बम, ताजमहाल हॉटेलचा घुमट चिमटीत धरलेली माणसं दाखवत, "साहेब, लगेच प्रिंट!" पण मित्राचं तत्त्व असं, की खिशात फोन असताना फोटोला पैसे देणारा माणूस वेडा. मग आम्ही फुकटचा फोटोग्राफर शोधू लागलो आणि आम्हाला काका सापडले.

काका कठड्यापाशी उभे होते. पांढरा शर्ट, कॉलरमागे घडी केलेला रुमाल, आणि हातात पांढऱ्या कांद्याच्या दोन माळा. मांडव्याच्या लाँचने आले होते, लेकीकडे निघाले होते, न्यायला जावई येणार होता, तो यायचा होता. कांदा अलिबागचा, घरचा. हे सगळं त्यांनी "काका, एक फोटो काढता का?" या प्रश्नाच्या उत्तरात सांगितलं. मग म्हणाले, "हे धरा," आणि दोन्ही माळा माझ्या हातात अडकवल्या. एका खांद्यावर मित्राची बॅग, कोपरात कांदे.

काकांनी फोन घेतला आणि डोळ्याला लावला. अक्षरशः डोळ्याला. एक डोळा मिटला आणि दुसऱ्याने फोनच्या पाठीत भोक शोधू लागले. मित्राने जाऊन फोन हातभर लांब धरून दिला, तर त्याच्याकडे बघून म्हणाले, "मला शिकवू नका. रोलच्या काळात मी लग्नं काढलीत. छत्तीस फोटोंत अख्खं लग्न बसवायचो, हळदीपासून पाठवणीपर्यंत. एक वाया नाही."

हे वाक्य ऐकूनच आम्ही फोन परत घ्यायला हवा होता. कारण वाया न घालवणारा माणूस म्हणजे काय, ते पुढे कळलं. तुमची-आमची पोरं एका मिनिटात चाळीस फोटो काढून एकोणचाळीस पुसतात. काका एक फोटो काढायला सात मिनिटं घेत होते. "हनुवटी खाली. तुम्ही नाही, कांदेवाले." कांदेवाला मी. "श्वास सोडा. आता घेऊ नका." आम्ही श्वास धरून उभे, कपाळावरून घाम डोळ्यात, आणि त्या भल्यामोठ्या फरसबंद आवारात डोकं घालायला सावलीचा तुकडा नाही. एवढी माणसं रोज लांबून येतात इथे, पोरंबाळं घेऊन, म्हातारी आई धरून. टेकायला जागा द्यावी असं कुणाला वाटू नये? कडेला जरा बूड टेकलं की शिट्टी वाजते. ते जाऊ दे.

खट्. एक फोटो. मित्राने पळत जाऊन बघितला. आम्ही दोघं कमरेपासून वर, अगदी स्वच्छ, माझ्या नाकावरचा तीळसुद्धा दिसतोय. मागे पिवळट दगडाची सपाट भिंत. ती पोस्टाची असू शकेल, तहसील कचेरीचीही.

"काका, यात गेटवे नाही आलं."

"गेटवे कुठे जातंय?" काका म्हणाले. "ते उद्या इथंच असेल. तुम्ही असाल का?"

"नाही, पण आम्ही इथे आलो होतो हे कळायला…"

"कुणाला कळायला?"

मित्र गप्प झाला. वीस वर्षांच्या मैत्रीत मी त्याला पहिल्यांदाच गप्प झालेला बघितला, आणि त्या एका क्षणापुरते काका मला फार आवडले.

"दगडांचे फोटो पोस्टकार्डावर मिळतात," काका पुढे म्हणाले. "माणसाचा मिळतो का?"

याला उत्तर नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर काकांच्या बाजूने इतिहाससुद्धा आहे. पंचम जॉर्ज 1911 च्या डिसेंबरात इथे उतरला, त्याच्या स्वागताची खूण म्हणून हे गेटवे. पण तो आला तेव्हा ते बांधलेलंच नव्हतं. त्याने बघितली ती म्हणे पुठ्ठ्याची प्रतिकृती. खरं गेटवे पुरं झालं 1924 साली. म्हणजे ज्याच्यासाठी कमान उभी केली त्याच्याही फोटोत ती नाही. फक्त त्याच्या कोपराला कांदे नव्हते.

मित्राने खूप आर्जवं केली तेव्हा काका दुसऱ्या फोटोला तयार झाले, तेही "हा शेवटचा" म्हणत. गेटवे सव्वीस मीटर उंच. ते पुरं बसवायला काका मागे सरकू लागले. सरकत सरकत इतके लांब गेले की मित्र कुजबुजला, "फोन घेऊन जाणार नाही ना रे हा?" मी म्हटलं, त्यांचे कांदे माझ्याकडे आहेत. फोटो आला. गेटवे टोकापासून पायथ्यापर्यंत, आभाळासकट. त्यात आम्ही शोधावे लागतो. एका कबुतराच्या शेपटीखाली दोन ठिपके आहेत, त्यातला एक मी असावा.

तिसऱ्या फोटोच्या वेळी जावई आला. लांबून "बाबा, चला, गाडी चुकीची लावलीय" म्हणून हाका मारायला लागला. काकांनी घाईघाईत, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, हनुवटी-श्वास काही न तपासता बटण दाबलं. फोन मित्राच्या हातात दिला, माळा माझ्या कोपरातून सोडवल्या, मोजल्या (माळा दोनच होत्या, तरी मोजल्या) आणि निघाले. जाता जाता मला म्हणाले, "तुम्ही हलता फार."

तर तो तिसरा फोटो. मित्र मधोमध, दोन्ही हात पसरलेले, मागे अख्खं गेटवे, ऊन बरोबर कमानीवर. कॅलेंडरला लावावा असा. आणि उजव्या कडेला एक कोपर. माझं. त्यावर मित्राच्या बॅगेचा पट्टा घसरलेला आणि खाली पांढऱ्या कांद्याच्या दोन माळा लोंबतायत.

परतीच्या गाडीत बसायच्या आत त्याने तो स्टेटसला लावला. निदान कड कापायची! तर म्हणे, "कापली तर गेटवेची बाजू जाते." पहिला फोटो लावता आला असता. त्यात आम्ही दोघं होतो. "त्यात काय आहे? भिंत."

रात्रीपर्यंत सात जणांनी विचारलं, कांदे काय भाव मिळाले. कोपर कुणाचं, हे एकानेही विचारलं नाही. घरी पोचलो तर बायको फोटो मोठा करून बघत बसलेली. "हा आपला निळा शर्ट ना?" म्हटलं, हो. "मग एवढे कांदे हातात होते, एक माळ आणता नाही आली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राचा हिशेब आला, रुपया-पैशासकट निम्मा-निम्मा. त्यात त्याने एकट्याने प्यायलेली कोल्ड कॉफीसुद्धा निम्मी माझ्या नावावर. मी पैसे पाठवले. पोचले का, ते अजून कळवलेलं नाही. शाळेपासून असंच आहे. तेव्हा दप्तर होतं, आता बॅग आहे.

आणि एक राहिलंच. एलेफंटाला ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी नाव दिलं, तो हत्तीही त्या बेटावर नाही. 1864 साली इंग्रज तो विलायतेला न्यायला उचलत होते, तेव्हा पडून फुटला. तुकडे भायखळ्याला आणून जोडले, आणि आता तो राणीच्या बागेशेजारच्या संग्रहालयाच्या आवारात उभा आहे, एडवर्डाच्या घोड्याच्या शेजारपाजारीच. हे मी मित्राला लाँचवरच सांगितलं होतं. चल, आत्ताच जाऊ, ते आज उघडं असतं, असंही म्हटलं होतं. "आपण काय शाळेची सहल आहोत?" असं उत्तर मिळालं.

काल त्याचा फोन आला. "पुढच्या खेपेला हत्ती आणि घोडा करून टाकू. माझ्या डोक्यात कधीपासून आहे. पण सोमवार नको बाबा. बुधवारी जाऊ."

राणीची बाग बुधवारी बंद असते. संग्रहालयही. मी "चालेल" म्हटलंय. मंगळवारी रात्री मला ताप येणार आहे.