‘पाच वर्षं झाली की मूल बापाचं’ असा नियम कुठल्याच कायद्यात नाही

आमच्या वाडीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘कोर्टाचा नवा नियम. पाच वर्षांपर्यंत मूल आईकडे, नंतर आपोआप बापाकडे. पोटगी थकली तर मूल दाखवायची गरज नाही. नऊ वर्षांचं मूल म्हणेल तेच कोर्ट ऐकतं. एकदा निकाल लागला की बदल नाही.’ खाली ‘सर्व भगिनींना पाठवा’. तो फिरत फिरत कुडाळात माझ्या भाचीकडे पोचला. नवरा मुंबईला, केस चालू, मुलगी पाच पूर्ण करतेय. फोनवर रडत विचारते, “मावशी, आता ते चेडवाक व्हरतले?” (म्हणजे, आता ते मुलीला नेतील का?) तेव्हापासून पोरीला अंगणवाडीत पाठवणंही बंद.

पाच वर्षांचा उल्लेख कायद्यात आहे, एवढं मान्य करावं लागेल. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 6 मध्ये पाचाच्या आतलं मूल ‘सामान्यतः’ आईकडे राहील असं म्हटलंय. त्याच कलमात नैसर्गिक पालक म्हणून बापाचं नाव आधी येतं, हेही खरं. पण पाचवा वाढदिवस झाला की ताबा फिरतो, असं त्यात कुठेही नाही. उलट कलम 13 सांगतं की मुलाचं हित सर्वांत वरचं. कोर्टाचा आदेश नसताना केवळ वाढदिवसाच्या जोरावर कुणी दारात गाडी लावून पोर उचलू शकत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने हे कलम उघडून तरी बघायचं होतं!

पोटगीचा मुद्दा तर सरळ घातक आहे, कारण तो ऐकून आईच गोत्यात येते. थकलेली पोटगी वसूल करायला कोर्टात वेगळा अर्ज करता येतो, त्यासाठी वॉरंटही निघतं. पण भेटीचा आदेश असताना तिने पोर लपवली, तर अवमानाचा अर्ज तिच्यावर येणार आणि ताब्याच्या सुनावणीत तेच तिच्याविरुद्ध वापरलं जाणार. शिवाय भेट ही काही बापाला दिलेली बक्षिसी नाही. यशिता साहू खटल्यात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की आईबाप दोघांचं प्रेम आणि सहवास हा मुलाचा मूलभूत मानवी हक्क आहे. ज्याच्याकडे ताबा नाही त्याला मुलाशी शक्यतो रोज पाच-दहा मिनिटं बोलता यावं, असंही त्यात आहे. बाप मुंबईला आणि पोर कुडाळात असेल तर व्हिडिओ कॉल नको का?

नऊ वर्षांचं वय कुठून आणलं, देव जाणे. 1890 च्या पालक व पाल्य कायद्यात मूल समजतं असेल तर त्याची इच्छा विचारात घेता येते, एवढंच आहे. वयाचा आकडा नाही, आणि शेवटचा शब्दही मुलाचा नाही.

आणि निकाल बदलतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली मुलांबाबतचे आदेश वेळोवेळी बदलून मागता येतात. पोर शाळेत गेली, बापाची बदली झाली, की अर्ज करायचा.

भाचीला मी म्हटलं, ग्रुपमधून बाहेर पड आणि वकिलाला सांग, आदेशात सगळं लिहून घे: गणपतीत पोर कुठे, मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, कुडाळ स्टेशनवर कुणी कुणाच्या हाती द्यायची, उशीर झाला तर कुणी फोन करायचा. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जायचं. बायकांना आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि पोरीला उद्यापासून अंगणवाडीत धाड.