भिजत घोंगड्याची अमेरिकी रीत

अमेरिकेच्या सिनेटवर निवडून आलात, अभिनंदन! वय ३० पूर्ण, नागरिकत्वाला ९ वर्षं आणि ज्या राज्यातून उभे राहिलात तिथे एक घर, एवढ्या भांडवलावर ६ वर्षांची सोय झाली. आता कृपा करून पहिल्याच दिवशी ‘मी अमुक कायदा करून दाखवतो’ असं कुणाजवळ बोलू नका. नवखे आहात हे लगेच कळतं. तुम्हाला इथे घोंगडं भिजत ठेवायचं आहे, आणि ते कसं ठेवायचं हे सांगायला आम्ही आहोत.

राज्य कुठलं निवडलंत? वायोमिंग? शहाणे आहात. २०२० च्या जनगणनेत वायोमिंगची लोकसंख्या ६ लाखांच्या आत, कॅलिफोर्नियाची जवळपास ४ कोटी. सिनेटर दोघांनाही दोन-दोनच. म्हणजे तुमचा एक माणूस त्यांच्या ६८ माणसांच्या बरोबरीचा. १७८७ च्या उन्हाळ्यात, बाहेर बातमी फुटू नये म्हणून खिडक्या लावून फिलाडेल्फियात घामाघूम बसलेल्या मंडळींनी छोट्या राज्यांचा रुसवा काढायला ही वाटणी केली. वर घटनेच्या पाचव्या कलमात लिहूनही ठेवलं, की राज्याच्या स्वतःच्या संमतीशिवाय त्याचा हा समान वाटा घटनादुरुस्तीनेही काढता येणार नाही. तेव्हा निर्धास्त राहा.

तुमचं मुख्य हत्यार फिलिबस्टर, म्हणजे चर्चा लांबवत नेऊन विधेयकावर मतदानच होऊ न देणं. मूळ शब्दाचा अर्थ समुद्री लुटारू, पण तो मतदारांना सांगत बसू नका. त्यांना ‘घटनाकारांचा वारसा’ म्हणून सांगा. घटनेत तो शोधायला मात्र जाऊ नका, तिथे नाही. झालं ते असं. १८०५ साली मावळते उपराष्ट्राध्यक्ष आरन बर यांनी सिनेटला सुचवलं, की तुमची नियमावली जरा आवरा, फालतू नियम काढून टाका. (आदल्याच वर्षी त्यांनी द्वंद्वयुद्धात अलेक्झांडर हॅमिल्टनला गोळी घातली होती. आवराआवरीचा अनुभव होता.) १८०६ मध्ये सिनेटने आवरलं, आणि बहुमताने चर्चा थांबवण्याची जी वाट होऊ शकली असती, तीच त्या आवराआवरीत केराच्या टोपलीत गेली. पुढे १९१७ मध्ये चर्चा थांबवायला दोन-तृतीयांश मतांचा नियम आला, १९७५ मध्ये तो १०० पैकी ६० वर उतरला. तुमच्या पक्षाकडे ४१ डोकी असली की झालं. बाकीच्या ५९ जणांना बहुमत मिरवू द्या.

पूर्वीच्या लोकांना यासाठी कष्ट पडत. लुइझियानाचे ह्युई लाँग १९३५ साली पंधरा तासांवर बोलत राहिले. विषय संपले तेव्हा तळलेल्या कालवांची पाककृती सांगितली, पालेभाजी शिजवून उरलेल्या पाण्याचं काय करावं हेही सांगितलं, आणि शेवटी लघुशंकेपुढे हरले. त्यावरून धडा घेऊन १९५७ मध्ये साउथ कॅरोलायनाचे स्ट्रॉम थर्मंड आधी वाफारा घेऊन, अंगातलं पाणी काढूनच आले आणि नागरी हक्क विधेयकाविरुद्ध २४ तास १८ मिनिटं उभे राहिले. विधेयक तरीही मंजूर झालं. त्यांचा विक्रम २०२५ मध्ये न्यू जर्सीच्या कोरी बुकर या कृष्णवर्णीय सिनेटरने २५ तास ५ मिनिटांनी मोडला. हे सगळं वाचायला छान आहे, पण तुम्ही असलं काही करू नका. गुडघे दुखतात.

आता सहायकाकडून एक ई-मेल पाठवला तरी पुरतो. ‘सिनेटर महोदयांची हरकत आहे.’ याला ‘होल्ड’ म्हणतात. २०११ पासून हरकत घेणाऱ्याने नाव जाहीर करावं असा ठराव आहे; ठराव वाचून घ्या, चांगला लिहिला आहे. २०२३ मध्ये अलाबामाच्या टॉमी ट्यूबरव्हिल यांनी, म्हणजे एकेकाळच्या फुटबॉल प्रशिक्षकांनी, संरक्षण खात्याच्या गर्भपातविषयक धोरणावर रागावून चारशेहून जास्त लष्करी बढत्या महिनोन्महिने अडवल्या. मरीन कॉर्प्सला काही काळ पक्का प्रमुखच नव्हता. एका माणसाने, न वाफारता.

याहून सोपा प्रकार ‘एकमताने मंजुरी’ मागितली जाते तेव्हाचा. उठायचं, ‘आय ऑब्जेक्ट’ म्हणायचं, बसायचं. दोन शब्द. त्यांचं मोल कळायला न्यू जर्सीतल्या एडिसन गावात एखाद्या मराठी घरी गणपतीत जा. आरती झाली की मोदकाची वाटी हातात घेऊन मंडळी कोपऱ्यात जमतात आणि कुजबुजतात:

“ग्रीन कार्डाच्या रांगेत तुझी डेट काय?”

“२०१३.”

“अरे, मग तुझं होईल. माझ्या धाकट्याला पुढच्या महिन्यात २१ पूर्ण होतायत, मग तो माझ्या अर्जातून बाहेर, त्याचं काय करू सांग.”

नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, त्यातच बायको-मुलंही धरायची, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली ७ टक्क्यांहून जास्त सहसा नाहीत. भारताला तीच मर्यादा आणि आइसलँडलाही तीच. वायोमिंगचे आहात, तुम्हाला यात वावगं वाटायचं कारण नाही. जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाने ही मर्यादा काढायचं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं. सिनेटमध्ये तशाच विधेयकासाठी युटाचे माइक ली आदल्याच महिन्यात उठले होते: एकमताने मंजूर करू या. एकाने हरकत घेतली. काही महिन्यांनी ली पुन्हा उठले, दुसऱ्याने घेतली. नंतर तिसऱ्याने. पहिले दोघे लींच्याच पक्षाचे, तिसरा समोरचा. अडवण्यात इथे पक्षभेद पाळत नाहीत. शेवटी डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने ते मंजूर केलं, पण इतकं बदलून, की प्रतिनिधिगृहाशी जुळवेपर्यंत ३ जानेवारी उजाडली, काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, मुदत संपली आणि विधेयक मेलं. आता पुन्हा श्रीगणेशा.

पण दोन वर्षं म्हणजे काहीच नाही. माणसाला जमावाने ठार मारणं हा केंद्रीय गुन्हा ठरवणारं पहिलं विधेयक १९०० साली जॉर्ज हेन्री व्हाइट यांनी मांडलं. त्या वेळी काँग्रेसमध्ये ते एकटेच कृष्णवर्णीय होते. १९२२ मध्ये तसंच एक विधेयक प्रतिनिधिगृहातून पार झालं; सिनेटमध्ये दक्षिणेतल्या सभासदांनी बोलून बोलून बुडवलं. असा कायदा अखेर झाला मार्च २०२२ मध्ये. मधल्या काळात कितीतरी विधेयकं आली नि गेली. हे उदाहरण भाषणात वापरू नका.

न्यायाधीशांच्या नेमणुका ‘६० मतं नाहीत’ म्हणून अडवायची सोय २०१३ आणि २०१७ मध्ये काढून घेतली गेली, आणि अर्थसंकल्पाच्या आडवाटेने काही विधेयकं ५१ मतांत निसटतात. एवढ्यावर मन लहान करू नका.

दुपारी सभागृह रिकामं असतं. लिपिक एकेक नाव सावकाश पुकारतो, ओ द्यायला कुणी नसतं, कुणी यावं अशी अपेक्षाही नसते. सिनेटचं कामकाज दाखवणाऱ्या सी-स्पॅन २ वाहिनीवर मागे व्हायोलिन वाजत राहतं. अशा वेळी रिपब्लिकन बाजूला दाराजवळच्या मेजाचा खण उघडा. १९६५ पासूनच्या प्रथेप्रमाणे तो गोळ्या-चॉकलेटांनी भरलेला असतो. तेवढ्यात एडिसनहून फोन आला, तर सहायकाला सांगून ठेवा: ते वायोमिंगचे नव्हेत, त्यांचा सिनेटर बोलका आहे, त्याला विचारा म्हणावं.