बजेटला दोष देऊ नका
कुणाला तरी सापडलेली टेप म्हणून दाखवलेला हा भुताचा सिनेमा कमी बजेटमुळे फसला, असं त्याच्यावरच्या लेखात म्हटलंय. मला नाही पटत. २००७ चा ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ हा असाच भुताचा सिनेमा साधारण १५ हजार डॉलरमध्ये, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात झाला होता. बेडरूममध्ये ट्रायपॉडवर कॅमेरा स्थिर, आणि दार आपोआप जरासं हललं तरी छातीत धस्स होतं! या सिनेमात मात्र भूत दिसायची वेळ आली की कॅमेरा गदागदा हलतो, वर पार्श्वसंगीत. सापडलेल्या टेपमध्ये संगीत येईलच कुठून? तिथेच विश्वास उडतो. काल इथे इंदूरला, रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात, दिवे मालवून मी आणि ताई तो बघत होतो. मध्येच लाकडी जिना करकरला, तेव्हा मात्र दोघी दचकलो. सिनेमाने एकदाही दचकवलं नाही. फार हिरमोड झाला, सापडलेल्या टेपच्या सिनेमांचा हा प्रकार मला मनापासून आवडतो हो.