फुकटच्या कॉलेजचा फॉरवर्ड

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. मंडळाचा ग्रुप, मराठी शाळेचा ग्रुप, आमच्या टीमच्या पालकांचा ग्रुप आणि चक्क ठाण्याहून नणंदेकडून. "वहिनी, हे खरं असेल तर आमच्या चिरंजीवांनाही तिकडेच पाठवते," असं तिने खाली लिहिलं होतं.

मेसेजचा सारांश असा. मुलाला सातवी-आठवीत महागड्या सॉकर (म्हणजे आपल्याकडचा फुटबॉल) क्लबात घाला, अमेरिकेतल्या कॉलेजची फुल स्कॉलरशिप मिळते, पैसे वसूल. मूल चांगलं खेळलं की कोच स्वतः शोधत येतात. अभ्यासाचं टेन्शन नको, २.३ जीपीए (चारपैकी सरासरी ग्रेड) पुरतो, सॅट ही प्रवेशपरीक्षा तर लागतच नाही. अंगापिंडाने लहान असेल तर हायस्कूलला एक वर्ष मागे ठेवा. डिव्हिजन थ्रीच्या (कॉलेज खेळांच्या तीन गटांपैकी तिसऱ्या) नादी लागू नका. आणि कोच तोंडी हो म्हणाला की जागा पक्की.

न्यू जर्सीत मुलीच्या क्लब टीमची मी सहा वर्षं मॅनेजर होते. म्हणजे रेफ्रीचे पैसे, हॉटेलच्या खोल्या, प्लेअर कार्डं, संत्र्याच्या फोडी, सगळं माझ्या गळ्यात. मुलगी आता कॉलेजात खेळते. तेव्हा ओळीने उत्तर देते.

"फुल स्कॉलरशिप, पैसे वसूल"

मेसेज फिरतोय तो या ओळीपायी. सॉकरमध्ये स्कॉलरशिप तुकड्या-तुकड्यांनी वाटली जाते. २०२४-२५ पर्यंत डिव्हिजन वनच्या मुलांच्या टीमला जास्तीत जास्त ९.९ स्कॉलरशिप देता यायच्या, मुलींच्या टीमला १४. टीममध्ये पोरं अठ्ठावीस-तीस. एकाला अर्धी फी, दुसऱ्याला पाव, तिसऱ्याला पुस्तकांपुरती, बाकीच्यांना नुसती जर्सी. शिवाय ही झाली कमाल मर्यादा. तेवढी द्यायलाही पुष्कळ कॉलेजांकडे पैसे नसायचे.

"पण आता नियम बदलला ना?" बदलला. कॉलेज खेळांची देशव्यापी संघटना एनसीएए, तिच्याविरुद्ध खेळाडूंनी भरलेल्या हाऊस खटल्यातली तडजोड ६ जून २०२५ ला कोर्टाने मंजूर केली. ज्या कॉलेजांनी ती स्वीकारली तिथे १ जुलैपासून स्कॉलरशिपच्या आकड्यावरची मर्यादा गेली आणि टीमच्या आकारावर मर्यादा आली. सॉकरला २८. यावरून मेसेजवाल्याने "२८ फुल स्कॉलरशिप" असं गणित मांडलंय. अहो, पंगतीत २८ पाट मांडलेत एवढंच. कुणाच्या पानात पुरणपोळी, कुणाच्या पानात नुसता वरणभात आणि कुणी डबा घरून आणायचा, हे यजमान ठरवणार. त्याच तडजोडीने कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली, पहिल्या वर्षी कॉलेजमागे साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. त्यातला मोठा वाटा अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो. आपल्या वाट्याला आलं ते उलटंच: ज्या टीममध्ये तीस-बत्तीस जण होते तिथली शेवटची पोरं गळली.

आमच्या घरचा हिशेब सांगते. क्लबची फी, टूर्नामेंट, पेट्रोल, हॉटेल धरून शेवटच्या दोन वर्षांत जे गेलं ते ५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या बचत खात्यात) टाकलं असतं तर कॉलेजचं जवळपास एक सेमिस्टर निघालं असतं. मुलीला खेळायला आवडायचं म्हणून घातले, त्याचं वाईट वाटत नाही. गुंतवणूक म्हणून घातले असते तर रडले असते.

एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या घरांसाठी थोडं वेगळं. तुमच्या मुलांना केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळत नाही, म्हणून खेळाच्या स्कॉलरशिपकडे डोळे लागतात. ती कॉलेजची स्वतःची मदत असते, त्यामुळे व्हिसा आड येत नाही. पण स्वतःचं नाव-चेहरा वापरून जाहिरातीचे पैसे घेणं किंवा कॉलेजकडून थेट मानधन घेणं एच-४ वर काय किंवा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर काय, अंगाशी येऊ शकतं. सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, टीममधल्या दुसऱ्या बाबांना नको.

"कोच शोधत येतात"

कधी येणार? आमच्याकडे हायस्कूल सॉकर खेळतात सप्टेंबर ते नोव्हेंबर. कॉलेजचा सीझनही तेव्हाच. कोच त्या मंगळवारी दुपारी स्वतःच्या टीमबरोबर बसमध्ये असतो. देशभरात साडेचार लाखांच्या आसपास मुलगे हायस्कूलला सॉकर खेळतात आणि डिव्हिजन वनच्या मुलग्यांच्या टीम दोनशेच्या थोड्या पुढे. त्यातही एक तृतीयांशाहून अधिक जागा परदेशी खेळाडूंकडे, आणि वर ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) आलेले, दोन वर्षं कॉलेजात खेळून तयार झालेले गडी.

डिव्हिजन वनचा कोच दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत मुलांना स्वतःहून मेल-फोन करू शकत नाही. कॅम्पसवर भेटीगाठी त्यानंतरच्या १ ऑगस्टपासून. "आमच्या आठवीतल्या मुलाला मोठ्या कॉलेजचा मेल आलाय" असं कुणी सांगितलं तर तो उन्हाळी कॅम्पचा मेल आहे. कॅम्पची जाहिरात करायला बंदी नाही. तो मेल हजारोंना जातो आणि त्याच्या तळाशी फी भरायची लिंक असते.

मग होतं कसं? मूल लिहितं. पहिला मेल मुलीच्या नावाने मी लिहिला होता, चार परिच्छेद, "अत्यंत मेहनती आणि समर्पित" वगैरे. उत्तर शून्य. दुसरा तिने लिहिला, सहा ओळी: पदवीचं वर्ष, लेफ्ट बॅक, जर्सी १७ पांढरी, शनिवारी फील्ड ९ वर सकाळी ८:१०, जीपीए, व्हिडिओची लिंक. मार्चमधली ती सकाळ अशी गार होती की पालक गाडीतच बसून मॅच बघत होते. कॉर्नर फ्लॅगपाशी घडीची खुर्ची टाकून एक सहायक कोच बसली, पंचवीस मिनिटांनी खुर्ची मिटून गेली. त्या पंचवीस मिनिटांत लेकीच्या पायातून बॉल दोनदा गेला. मी मनात म्हटलं, संपलं. जूनमध्ये फोन आला तेव्हा ती बाई म्हणाली, "दुसऱ्या वेळी बॉल गेल्यावर तू साठ यार्ड मागे पळालीस, ते मी लिहून ठेवलं."

दोन-तीन हजार डॉलर घेऊन "प्रोफाइल" बनवून देणारे लोक असतात. आमच्या टीममधल्या दोन घरांनी घेतलं. त्यांचे मेल कोच उघडतही नव्हते, कारण सगळ्यांचा मजकूर एकच.

"२.३ पुरतो"

हा आकडा खरा आहे, म्हणूनच घातक. डिव्हिजन वनला किमान २.३ आणि डिव्हिजन टूला २.२ जीपीए लागतो, पण तो सगळ्या विषयांचा नाही, १६ कोअर कोर्सेसचा, म्हणजे मुख्य विषयांचा. डिव्हिजन वनला इंग्रजी ४ वर्षं, गणित ३, विज्ञान २, समाजशास्त्र २, बाकीचे त्यांच्याच आगेमागे. पीटी, हेल्थ, बँड यांचा 'ए' इथे चालत नाही. डिव्हिजन वनसाठी १६ पैकी १० कोर्स बारावी सुरू व्हायच्या आत हवेत, त्यातले ७ इंग्रजी-गणित-विज्ञानातले, आणि त्या दहांचे ग्रेड तिथेच गोठतात. नंतर परत बसून सुधारता येत नाहीत.

आपल्या घरांत २.३ ची भीती क्वचित. आपल्याला नडतं ते वेगळंच. आमच्या क्लबातल्या एका हुशार मुलाने केमिस्ट्री उन्हाळ्यात ऑनलाइन उरकली, पुढे एपी (कॉलेजच्या पातळीचा कोर्स) घेता यावं म्हणून. तो कोर्स एनसीएएच्या मान्य यादीत नव्हता. कळलं बारावीच्या ऑक्टोबरात. प्रत्येक हायस्कूलची मान्य कोर्सेसची यादी एनसीएएच्या पोर्टलवर कुणालाही बघता येते, पाच मिनिटांचं काम. आठवीत केलेलं अल्जेब्रा हायस्कूलच्या ट्रान्स्क्रिप्टवर (गुणपत्रकावर) ग्रेड आणि क्रेडिटसकट आलं असेल तर धरलं जातं, तेही तिथेच तपासा. आणि नणंदबाई, चिरंजीव कधी इकडे आलेच तर नववीपासूनच्या मूळ मार्कशीट लागतील. नववीची मार्कशीट जपून कोण ठेवतं? ठेवा.

सॅटचं म्हणाल तर एनसीएएने ती अट जानेवारी २०२३ मध्ये काढली. पण एमआयटी, हार्वर्ड, ब्राउन, डार्टमथ यांनी स्वतःच्या प्रवेशासाठी परत आणली. २.३ ने मैदानात उतरायची परवानगी मिळते. प्रवेश वेगळ्या ऑफिसातून मिळतो.

"एक वर्ष मागे ठेवा"

नववीत पाऊल ठेवलं की घड्याळ सुरू. डिव्हिजन वनचे कोअर कोर्स तिथून चार वर्षांच्या आत व्हायला हवेत, वेळेवर पास झालेल्याला वर फार तर एक कोर्स. एखादं वर्ष दोनदा केलं म्हणून ते घड्याळ थांबत नाही. बाकी निव्वळ उंचीसाठी पोराचे वर्गमित्र तोडणं मला पटत नाही, पण ते ज्याचं त्याने ठरवावं.

"डिव्हिजन थ्रीच्या नादी लागू नका"

या ओळीचा मला सगळ्यात राग आला, कारण लेक तिथेच खेळते. डिव्हिजन थ्री खेळासाठी स्कॉलरशिप देत नाही, खरं आहे. हार्वर्ड-ब्राउनसारख्या नामवंत कॉलेजांची आयव्ही लीगही देत नाही आणि ती डिव्हिजन वनमध्ये आहे, मग तिच्याबद्दल मेसेज गप्प का? एमआयटी, शिकागो, एमरी, टफ्ट्स ही सगळी डिव्हिजन थ्रीची कॉलेजं. शिकागोच्या मुलांच्या टीमने २०२२ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं ते जुलियन सिच या बाईंच्या हाताखाली. मुलांच्या सॉकर टीमला एनसीएए किताब मिळवून देणाऱ्या त्या पहिल्या महिला मुख्य कोच. याला टाइमपास म्हणायचं असेल तर म्हणा.

पैसे तिथेही मिळतात, मार्कांवर किंवा घरच्या उत्पन्नावर. सॉकरचा खरा उपयोग प्रवेशाच्या दारात होतो. बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात कोच तुमचं ट्रान्स्क्रिप्ट प्रवेश विभागाकडे "प्री-रीड"ला पाठवतो आणि अर्ज भरण्याआधीच अंदाज मिळतो. सगळीकडे त्याच्या शब्दाला सारखं वजन नसतं. एमआयटीचा कोच फक्त शिफारस करू शकतो.

"तोंडी हो म्हणजे पक्कं"

पूर्वी निदान नॅशनल लेटर ऑफ इंटेंट नावाचा, खेळाडू आणि कॉलेज दोघांना बांधणारा कागद असायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये तोही बंद झाला. आता कॉलेजशी थेट आर्थिक मदतीचा करार, आणि डिव्हिजन थ्रीला तर प्रवेशाचं पत्र हाच कागद. त्याआधीचं सगळं बोलणं. आमच्या टीममधल्या एका मुलीला अकरावीत "तू आमचीच" म्हणणारा कोच बारावीच्या डिसेंबरात नोकरी सोडून गेला. नव्या कोचच्या यादीत तिचं नाव नव्हतं आणि तिने दुसरीकडे कुठेही अर्ज केलेला नव्हता. नाताळच्या सुट्टीत तिने नऊ दिवसांत अकरा निबंध लिहिले. तिची आई हॉस्पिटलात रात्रपाळीला, म्हणून त्या आठवड्यात संध्याकाळचा डबा मी पोचवत होते.