मालकाचं उत्तर: नावेचे सातशे रुपये

नमस्कार साहेब,

तुमच्या रिव्ह्यूतला एक स्टार पाहिला. सुट्टीचे दोन दिवस मनासारखे गेले नाहीत, त्याबद्दल माफी मागतो. सकाळी आंघोळीला गरम पाणी नव्हतं हे खरं आहे. त्या रात्री गावाचीच लाईन गेली होती. सोलरचं पाहून राहिलो आहे. "मालकाला डायव्हिंगमधलं काही कळत नाही" हेही सोडून देतो. मी शेतकरी माणूस, गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात जमीन गेली, उरलेल्या तुकड्यावर चार खोल्या बांधल्या. पण "न मागितलेल्या नावेचे सातशे रुपये उकळले" हे वाक्य काही घशाखाली उतरत नाही. ते वाचून माणूस बुकिंग रद्द करतो आणि आमचा सीझन दिवाळी ते होळी एवढाच. म्हणून सगळं लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

फोनवर तुम्ही "बॅकवॉटरमध्ये पोहायचं आहे" एवढंच म्हणाला होतात. गाडीच्या डिकीतून हवेचा सिलेंडर निघाला तेव्हा डायव्हिंग करायचं आहे हे आम्हाला कळलं. सोबत कोणी नाही. जोडीदार मागून येताहेत का, असं विचारलं तर तुम्ही हसलात.

माझा भाचा मालवणला डायव्हिंगच्या बोटीवर कामाला आहे. तुमच्यासमोरच त्याला स्पीकरवर घेतलं. डायव्हिंग शिकल्याचं कार्ड कोणतं, त्याने विचारलं. तुम्ही ओपन वॉटर म्हणालात. त्यावर तो काय बोलला ते रिव्ह्यूत आलं नाही, म्हणून इथे लिहितो: ते कार्ड १८ मीटरपर्यंतचं, आणि तेही जोडीदारासोबत उतरण्याचं. एकट्याने उतरायचा कोर्स वेगळा असतो, त्याला बसायलाच आधी १०० डाइव्ह नोंदलेल्या लागतात. त्यात वेगळा छोटा सिलेंडरही सोबत ठेवायला शिकवतात. तुमच्याकडे एकच होता. श्वास घ्यायची ती दुसरी पिवळी नळी त्याच सिलेंडरवरची, आणि ती मुळात जोडीदाराची हवा संपली तर त्याला द्यायला असते.

आणि हे मालवण नाही. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला येतं आणि आमच्या दारात थांबतं. घाटावर गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तर स्वतःचा पाय दिसत नाही. वर इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी. खाली बुडालेल्या गावांच्या भिंती, विहिरी, उभी वाळलेली झाडं, आणि त्या झाडांना अडकून तुटलेली तंगूसची, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याची जाळी, जी मासे धरणाऱ्या ढिवरांनाही सापडत नाहीत. मी नको म्हणालो ते याच्यासाठी. तुम्ही म्हणालात, "पाणी तुमच्या मालकीचं नाही." बरोबर आहे, नाही. पण माणूस बुडाला की पोलीस पहिला फोन ढिवरांना करतात आणि पंचनाम्याला माझ्या ओट्यावर बसतात. नागपूरहून पथक येईपर्यंत पाण्यात शोधायला उतरतात ते आमच्याच गावचे लोक.

आता नाव. तुम्ही मागितली नव्हती, मान्य. पण तुम्ही उतरलातच, तेव्हा आमच्या ढिवरदादांना जाळी ओढायचं काम सोडून तुमच्या मागे पाठवलं. फेरीचा दर माणशी शंभर, वीस मिनिटांचा, तो बोर्डावर लिहिलेला आहे. त्यांचा डोंगा तुमच्यावर दीड तास होता. इंजिन लावलं नाही, कारण खाली माणूस असताना वर पंखा फिरवायचा नसतो, हेही भाच्यानेच सांगितलं. दादा वल्हं मारत राहिले. पाण्यात माणूस असल्याचा झेंडा तुमच्याकडे नव्हता, म्हणून बांबूला माझा लाल दुपट्टा बांधून डोंग्यात उभा केला आणि रविवार असून त्या बाजूच्या आमच्या सगळ्या फेऱ्या बंद ठेवल्या. सातशे रुपये म्हणजे दादांची दिवसाची मजुरी आणि वर थोडं. माझ्या गल्ल्यात त्यातला एक रुपया आला नाही.

तुम्ही "तासभर लागेल" म्हणून गेलात. भाच्याने फोनवरच हिशेब करून दिला होता: १२ लिटरचा सिलेंडर २०० बार दाबाने भरला तर २४०० लिटर हवा. शांत माणसाला वर मिनिटाला २० लिटर लागते, दहा मीटर खाली दाब दुप्पट म्हणून ४०. शेवटचे ५० बार राखून ठेवायचे, म्हणजे उरली ४५ मिनिटं. घाबरलेला माणूस याहून कितीतरी लवकर संपवतो. मी घाटावर मोबाईलमधलं घड्याळ बघत होतो. पस्तिसाव्या मिनिटाला दादा ओरडले, "भाऊ, बुडबुडे दिसून नाही राह्यले!" तुमच्या रिव्ह्यूत याला "मालकाने उगाच गोंधळ घातला" असं म्हटलं आहे.

तुम्ही वर आलात ते इकॉर्नियाच्या पलीकडे, घाटापासून बरेच दूर. मानेमागच्या सिलेंडरच्या व्हॉल्व्हला हातभर तंगूस गुंडाळलेलं होतं, त्याची कापलेली टोकं लोंबत होती. चाकू होता म्हणून बरं झालं, तेवढी तयारी तुमची होती, ते मी नाकारत नाही. पण तिथे स्वतःचा हात धड पोचत नाही, दुसरा माणूस अर्ध्या मिनिटात सोडवतो. डोंग्याची कड धरून तुम्ही किती वेळ नुसते धापा टाकत होतात, ते दादांना विचारा. त्यांनीच तुम्हाला सिलेंडरसकट घाटावर आणलं. चालत आला असता तर काठाच्या गाळात मांडीपर्यंत रुतला असता.

शिवाय ते तंगूस जुनं नव्हतं, दादांचं त्याच पहाटे टाकलेलं जाळं होतं. त्याचे पैसे बिलात लावू नका, असं तेच म्हणाले.

पुढे काय करायचं ते ठरवतो आहोत. घाटावर सूचनेचा बोर्ड लावू, बुकिंगच्या वेळी नीट विचारून घेऊ, जेवणाच्या वेळेचंही बघतो. जोडीदार आणि झेंडा घेऊन आलात, तरी आधी पाटबंधारे खात्याकडे विचारून या, मग नावेचं बोलू.

स्टार एकच राहू द्या, तो तुमचा अधिकार. "उकळले" हा शब्द तेवढा काढावा ही विनंती. सातशे रुपये परत हवे असतील तर पावतीवरच्या नंबरवर कळवा, त्याच दिवशी माझ्या खिशातून पाठवतो, दादांकडून मागणार नाही. जाळ्याचं मात्र तुम्ही त्यांच्याशीच बोला.